कच्चें मडकें

हिंगोली जिल्ह्यांत नर्सी आणि औंढा नागनाथ हीं दोन प्रसिद्ध क्षेत्रें आहेत. नर्सी हें परंपरेनें संत नामदेवांचें जन्मस्थान मानलें जातें. औंढ्याचें नागनाथाचें देवालय बारा ज्योतिर्लिंगांपैकीं एक समजलें जातें. या दोन गांवांना जोडणारी एक आख्यायिका कीर्तनांतून महाराष्ट्राच्या घराघरांत पोंचलेली आहे. संतमंडळी एकत्र बसली असतां मुक्ताबाईनें गोरोबाकाकांना त्यांच्या थापटण्याविषयीं विचारलें. मडकें कच्चें कीं पक्कें हें त्यानें समजतें, असें ऐकतांच तिनें जमलेलीं मडकींहि पाहावयास सांगितलें. गोरोबांनीं एकेकाच्या मस्तकावर थापटणें मारिलें. इतर मुकाट बसले. नामदेव मात्र चिडले, आणि हें मडकें कच्चें असा निर्णय झाला. खिन्न झालेल्या नामदेवांना विठ्ठलानें औंढ्यास विसोबा खेचरांकडे पाठविलें, आणि तेथें त्यांना गुरु भेटला.

कीर्तनकार या कथेंतून अहंकाराच्या त्यागाचा बोध करितात, आणि तो यथार्थच आहे. परंतु शिक्षणाच्या इतिहासाकडे पाहणाऱ्यास तींत आणखीहि एक अर्थ दिसतो. कुंभाराच्या घरीं थापटण्याचें मुख्य काम मडकें तपासणें हें नव्हे. ओल्या मडक्याला आंतून हाताचा आधार द्यावयाचा आणि बाहेरून थापटण्यानें हलके ठोके देऊन त्याला आकार आणावयाचा, हें तें काम होय. शिवाय कोणतेंहि मडकें एकटें भाजलें जात नाहीं. आव्यांत शेंकडों मडकीं एकमेकांना टेकून रचलेलीं असतात, आणि सर्वांची मिळून जी ऊब होते तींत प्रत्येक पक्कें होतें. ज्या मुलांची बुद्धि संथ चालीची आहे, जीं स्वतःच्याच विश्वांत मग्न असतात, किंवा ज्यांना अक्षरांची जुळणी साधत नाहीं, त्यांच्या शाळांचा इतिहास हा वस्तुतः या थापटण्याच्या दोन उपयोगांचा इतिहास आहे.

जुन्या खेड्यांत अशा मुलाला खुळा किंवा वेडसर म्हणत. तो गुरें राखी, पाणी शेंदी, सुगीच्या दिवसांत चार माणसांबरोबर शेतावर जाई. कामापुरतें त्याला स्थान होतें; पण त्याचबरोबर पोरांची टिंगल, अंगारे-धुपारे आणि प्रसंगीं दावणीचा दोरहि त्याच्या वांट्यास येई. त्या व्यवस्थेचें उगीच गुणगान करण्याचें कारण नाहीं. कायद्यानेंहि त्याची वेगळी ओळख ठेविली नव्हती. इंग्रज सरकारच्या १९१२ च्या कायद्यांत वेडा माणूस आणि जन्मतः मंदबुद्धि माणूस हे दोघेहि एकाच व्याख्येंत बसविलेले होते. ज्याला बरें करावयाचें तो रोगी आणि ज्याला शिकवावयाचें तें मूल, हा भेदच त्या व्याख्येंत उरला नाहीं.

हा भेद युरोपांत प्रथम कृतीनें दाखविला गेला तो एका रानांत सांपडलेल्या मुलाच्या निमित्तानें. फ्रान्सच्या आव्हेरों प्रांतांत १८०० सालच्या आरंभीं एक न बोलणारा मुलगा अरण्यांतून बाहेर आला. त्याला पॅरिसला आणल्यावर इतार नांवाच्या तरुण वैद्यानें सुमारें पांच वर्षें चिकाटीनें शिकविलें. मुलगा कांहीं अक्षरें ओळखूं लागला, पण बोलूं लागला नाहीं. अखेर इतारनें प्रयत्न सोडून दिला. मात्र त्या मुलाची देखभाल करणारी मादाम गेरँ हिनें त्याला सोडिलें नाहीं. १८२८ सालीं त्याचा अंत होईपर्यंत तो तिच्याच घरीं राहिला. जेवणाचें टेबल मांडणें हें त्याचें रोजचें काम असे. गेरँबाईचा पति वारला त्या दिवशींहि त्यानें संवयीनें त्याचें ताट मांडिलें. तें पाहून बाईला रडूं कोसळलें, तेव्हां त्यानें तें मुकाट्यानें उचलून ठेविलें आणि पुन्हां कधीं मांडलें नाहीं. हा प्रसंग इतारनेंच आपल्या अहवालांत नमूद करून ठेविला आहे. ज्याला एक वाक्य बोलतां येईना, त्याला घरांत कोण आहे आणि कोण नाहीं, हें पुरतें उमगलें होतें.

इतारचा शिष्य सेगँ यानें १८४० च्या सुमारास पॅरिसमध्यें अशा मुलांसाठीं शाळा चालविली. डोळे, हात आणि स्पर्श यांच्या द्वारें शिकविण्याची त्याची पद्धति पुढें रोममध्यें डॉ. मारिया माँटेसोरी यांनीं अभ्यासिली. १९०० च्या सुमारास मंदगति मुलांना त्या पद्धतीनें शिकवीत असतां त्यांच्या मनांत प्रश्न आला, कीं हीं मुलें इतकी प्रगति करूं शकतात, तर इतर मुलें शाळेंत मागें कां राहतात? त्या प्रश्नांतून १९०७ चें त्यांचें बालगृह निघालें. १९३९ सालीं त्या हिंदुस्थानांत आल्या. परंतु त्यांच्या विचारांचें बीज गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांच्या कार्यामुळें येथें आधींच रुजलें होतें, आणि ताराबाईंनीं तें पुढें बोर्डी व कोसबाड येथें वाढविलें. आज शहरांतील सुखवस्तु घरांतलें मूल लांकडी दट्ट्या खांचांत बसवितें किंवा खरबरीत अक्षरांवरून बोट फिरवितें, तेव्हां तीं साधनें मुळांत ज्या मुलांच्या हातीं प्रथम दिलीं गेलीं, त्यांचा विसर पडतां कामा नये. हुशार मुलांची ही शिदोरी कच्च्या ठरविलेल्या मुलांच्या शाळेंतून आलेली आहे.

थापटण्याचा दुसरा उपयोगहि याच काळांत पुढें आला. फ्रान्समध्यें १८८२ च्या कायद्यानें शिक्षण सक्तीचें झालें, आणि तेव्हां प्रथमच सर्व प्रकारचीं मुलें एका वर्गांत येऊन बसलीं. जें मूल रानांत किंवा शेतावर कोणाच्या डोळ्यांवर येत नव्हतें, तें वर्गांत नापास ठरूं लागलें. कोणाला विशेष साह्याची जरूर आहे हें निश्चित करण्यासाठीं आल्फ्रेड बिने यानें सिमाँच्या सहकार्यानें १९०५ सालीं बुद्धिमापनाची श्रेणी तयार केली. बुद्धि ही जन्मतः ठरलेली व कायमची असते, असें म्हणणाऱ्यांचा त्यानें निषेधच केला होता. पण त्याचें माप अमेरिकेंत गेल्यावर त्याचा उपयोग पुष्कळदां मुलांना वेगळें काढून बंद संस्थांत ठेवण्यासाठीं झाला. कित्येक संस्थानांनीं तर अशा माणसांना संततिच होऊं नये म्हणून कायदे केले. जर्मनींत १९३९ पासून नाझी राजवटीनें अशा हजारों मुलांचा पद्धतशीर वध केला. मोजणाऱ्याच्या मनांत मोजल्यानंतर काय करावयाचें हें ठरलेलें नसेल, तर माप कोठवर जाऊं शकतें याचा हा भयंकर पुरावा आहे.

महाराष्ट्रांत हें माप आलें तें शिक्षकाच्या हातानें. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनीं बिनेच्या कसोट्यांना मराठी व कानडी मुलांच्या बोलण्याचालण्यास जुळेल असें रूप देऊन १९४० सालीं त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. परदेशी चित्रें व परदेशी प्रश्न विचारून येथल्या मुलास मंद ठरविणें हा अन्याय आहे, ही दृष्टि या रूपांतराच्या मुळाशीं होती. बिने-कामत कसोटी हें नांव या देशांतील मानसशास्त्रज्ञांच्या आजहि परिचयाचें आहे.

माप होतें, पण शाळा नव्हती. ती काढिली ती मुख्यतः आईबापांनीं. १९४४ सालीं मुंबईंत वकील नांवाच्या एका पारशी दांपत्यानें आपल्या मुलीसाठीं घरींच शाळा सुरूं केली. शिवडीची जय वकील संस्था ती हीच. १९६४ त पुण्यांत ‘कामायनी’ सुरूं झाली. नाशिक येथें १९७७ सालीं रजनीताई लिमये यांनीं ‘प्रबोधिनी’ची स्थापना केली. त्या स्वतः शिक्षिका होत्या आणि अशा एका मुलाच्या आईहि होत्या. या आरंभांतील साम्य लक्षांत घेण्यासारखें आहे. एका घरानें आपलें दुःख दाराआड ठेवण्याचें नाकारिलें, आणि तें दार उघडतांच तसलींच दुसरीं घरें तेथें येऊन मिळालीं.

अशा शाळेचा दिवस पाहिला म्हणजे तेथें गोत कसें जमतें तें ध्यानांत येतें. वर्ग वयावरून नव्हे, तर मुलाला काय साधतें त्यावरून पाडलेले असतात. सतरंज्या घालणें, घंटा देणें, हजेरीची पाटी मांडणें, डबे वांटणें, हीं कामें पाळीपाळीनें दिलेलीं असतात. एखादें मूल बोलत नसेल, पण घंटा त्याच्याचकडे असेल, तर त्याच्यावांचून शाळा भरत नाहीं. आणि ज्याच्यावांचून आपलें अडतें, त्याला कोणी परकें मानीत नाहीं. गोंगाटानें बावरणाऱ्या मुलासाठीं एक शांत कोपरा राखून ठेवावा लागतो, आणि तो कोपरा त्याचा आहे हें इतर मुलांना शिकवावें लागतें. सहजीवनाचा पहिला धडा तो हाच. फाटकाबाहेर मुलांची वाट पाहणाऱ्या आया प्रथम एकमेकींशीं बोलत नाहींत. कांहीं महिन्यांनीं त्या एकमेकींच्या मुलांना नांवानें हांक मारूं लागतात. ज्या आईला नात्यांतल्या लग्नकार्यांत मुलाला घेऊन जाण्याचा संकोच वाटे, तिला तेथें प्रथमच कांहीं समजावून सांगावें लागत नाहीं. दिवाळीपूर्वीं मुलांनीं रंगविलेल्या पणत्या घेण्यास शेजारी येतात. कांहीं केवळ दयेनें येतात हें खरें. परंतु पणती चांगली असेल तर पुढच्या वर्षीं ते पणतीसाठींच येतात, आणि हा फरक शिक्षक बरोबर ओळखतात.

याहून अवघड प्रश्न शाळा संपल्यावर उभा राहतो. अठरा वर्षांचा मुलगा घरीं परत येतो, आणि आईबापांच्या मनांत ‘आमच्यामागें याचें कसें?’ ही चिंता घर करिते. म्हणून पुणें-नाशिकच्या संस्थांनीं शाळेला जोडून कार्यशाळा काढिल्या. डोंबिवलीजवळ खोणी येथें अमेय पालक संघटनेनें प्रौढ मुलांसाठीं ‘घरकुल’ उभें केलें. ज्या वयांत इतर मुलांचे मार्ग वेगवेगळे होतात, त्या वयांत या मुलांना एकत्र राहण्याची अधिकच गरज असते, हें पालकांनीं अनुभवानें ओळखिलें.

हिंगोलीच्या मुलखांत हीं सर्व साधनें उशीरां पोंचलीं, आणि त्यास इतिहासहि कारण आहे. मुंबईंत १९४४ सालीं ती पहिली शाळा सुरूं झाली, तेव्हां मराठवाडा निजामाच्या राज्यांत होता आणि तेथें मराठी मुलाला मराठींतून शिकण्यासच मोठी अडचण पडे. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं ती राजवट संपली. १ मे १९६० ला मराठवाडा महाराष्ट्र राज्याचा भाग झाला. आणि १ मे १९९९ रोजीं परभणी जिल्ह्यांतून हिंगोली जिल्हा वेगळा निघाला. हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगांव व औंढा नागनाथ या पांच तालुक्यांतील वस्ती विखुरलेली आहे. हळदीच्या काढणींत आणि कापसाच्या वेंचणींत आईबाप दिवसभर शेतावर असतात. मुलाला रोज जिल्ह्याच्या गांवीं नेऊन आणणें त्यांना परवडत नाहीं. मराठवाड्यांत अशा मुलांच्या अनेक शाळा निवासी आहेत त्या यामुळें. निवासी शाळेंत मुलाला भावंडें मिळतात, पण गांव दुरावतें; मूल शिकून परत आलें, तरी गांव शिकलेलें नसतें. म्हणून सणाला व सुगीला मूल घरीं जावें, आणि जत्रेच्या किंवा स्नेहसंमेलनाच्या निमित्तानें गांवकरी शाळेंत यावेत, असा येजा करण्याचा रस्ता मोकळा ठेवणें हें तेथील शिक्षकांचें निम्में काम होऊन बसतें.

२०१६ च्या कायद्यानें एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वाला मान्यता दिली. त्यांत बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता आणि अध्ययनांतील विशिष्ट अक्षमता यांचा स्वतंत्र उल्लेख आहे. ठराविक प्रमाणापेक्षां अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत, जवळच्या शाळेंत किंवा पसंतीच्या विशेष शाळेंत, मोफत शिक्षणाचा हक्कहि त्यानें दिला. १९१२ च्या व्याख्येपासून येथवरचा पल्ला लहान नाहीं. परंतु पटावर नांव चढलें म्हणजे मूल शाळेचें झालें, असें होत नाहीं. मागल्या बांकावर दिवसभर एकटें बसविलेलें मूल हजेरींत असतें, पण शाळेंत नसतें. त्याच्या हातीं घंटा कोण देतो, त्याच्या शेजारीं डबा घेऊन कोण बसतो, यावरच त्या हक्काला अर्थ येतो.

औंढ्याहून परतलेल्या नामदेवांना संतमंडळींत मानाचें स्थान मिळालें, आणि पुढें त्यांची वाणी पंजाबपर्यंत गेली. शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबांत त्यांचीं एकसष्ट पदें समाविष्ट आहेत. त्यांना कच्चें म्हणणारीं माणसें त्यांची वाट पाहत थांबलीं होतीं, ही त्या कथेंतली गोष्ट सहसा सांगितली जात नाहीं. शाळा मोठी असो वा लहान, मुंबईची असो वा कळमनुरीची, थापटणें उचलणाऱ्याचा दुसरा हात मडक्याच्या आंत आधाराला आहे कीं नाहीं, हें तिनें प्रथम पाहिलें पाहिजे.