त्रिकोणी काचेची गोष्ट

गेले चार वीकेंड मी एका त्रिकोणी चौकटीत अडकलोय.

आमच्याकडे आजोबांची १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. तिच्या पुढच्या दारांना, अगदी पुढच्या टोकाला, फिरवून उघडायची एक छोटी त्रिकोणी काच असते ना? तिची फ्रेम. रबर कडक झालं की पावसाचं पाणी आत मुरतं आणि खालच्या कोपऱ्यात साचतं. डावी फ्रेम तिथे गंजून आरपार गेली होती. उजवीचा रंग पोपडे धरून सुटत होता.

आता एवढ्याशा खिडकीचं काय कौतुक? पण एके काळी हे चक्क नवं तंत्रज्ञान होतं. जनरल मोटर्सच्या फिशर बॉडीने १९३३ च्या गाड्यांत ते ‘नो ड्राफ्ट’ नावाने आणलं. युक्ती साधी. काच थोडी तिरकी केली की धावत्या गाडीत तिच्या मागच्या कडेपाशी हवेचा दाब कमी होतो आणि आतली कोंदट हवा बाहेर खेचली जाते. पूर्ण फिरवली की उलट, बाहेरचा वारा थेट तोंडावर. ना मोटर, ना वायर! पुढे १९६४ मध्ये फोर्डने कॉर्टिनात डॅशबोर्डमधून हवा आत घेऊन मागून बाहेर सोडायची सोय केली. हळूहळू एसीही पसरला आणि परदेशात ही काच मागे पडली.

आणि आपल्याकडे? त्याच १९६४ साली कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये फियाट ११०० डिलाइट बनू लागली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये काढलेली ही कंपनी. फियाटशी करार संपल्यावर गाडी आधी प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून पद्मिनी. नाव बदललं, गाडी जवळपास तीच. किती गाड्या बनवायच्या ते सरकार ठरवणार, बाहेरून गाडी आणणं जवळपास अशक्य आणि दारात गिऱ्हाइकांची रांग. अशा वेळी डिझाइन कोण कशाला बदलेल? आम्हा आयटीवाल्यांना हे लगेच कळेल. लेगसी कोड! चालतंय ना, मग हात लावू नका.

डिसेंबर १९८३ मध्ये पहिली मारुती ८०० रस्त्यावर आली. आजोबांनी मात्र पद्मिनीचं बुकिंग आधीच केलं होतं. तीन वर्षं थांबून मिळालेली गाडी ते सोडणार थोडेच?

म्हणूनच माझा हट्ट होता की आजोबांच्या वेळची ओरिजिनल फ्रेमच वाचवायची. बाबा म्हणाले, "अरे, कुर्ल्याला सीएसटी रोडवर बघ, जुनी मिळेल." मी ऐकलं नाही. दोन शनिवार पॉलिश पेपरने घासत बसलो. वर काळा रंग, त्याखाली चंदेरी, तो आजोबा दर मे महिन्यात गावाला निघायच्या आधी ब्रशने मारायचे. आणि त्याखाली, वरच्या टोकाला... पिवळा.

आमची गाडी पहिल्यापासून पांढरी आहे. मी बाबांना हाक मारली. त्यांनी चष्मा लावून पाहिलं आणि हसायलाच लागले. "ही टॅक्सीची आहे रे. नव्वदच्या आसपास आजोबांनी भंगारातून आणली होती. विसरलोच होतो मी."

म्हणजे मी ज्याला ओरिजिनल म्हणून जपत होतो, ती कुठल्यातरी काळ्या-पिवळ्याची होती! खरं तर यात नवल नाही. मुंबईत पद्मिनी इतकी वर्षं टिकली ती टॅक्सींमुळे. टॅक्सी होत्या म्हणून मेकॅनिक होते, पार्ट होते, आणि त्या जिवावर आमच्यासारख्यांच्या घरगुती गाड्याही. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ३० ऑक्टोबर २०२३ पासून तिचं टॅक्सी म्हणून धावणं बंद झालं. आता सीएसटी रोडवर फ्रेम मागितली तर दुकानदार आधी माझ्याकडे बघतो, मग माळ्याकडे.

तिसऱ्या दुकानात मिळाली. काळी. तीही टॅक्सीचीच असणार. गंज घासला, रेड ऑक्साइड मारलं, बारीक खड्ड्यांत लांबी भरली, पाणी लावून पेपर मारला आणि चंदेरी रंगाचे तीन पातळ हात दिले. मधे घाई केली की रंग ओघळतो, हे उजव्या फ्रेमवर शिकून झालं होतं. नवं रबर बसवताना बाबांनी काच धरली.

एक गोष्ट मात्र मुद्दाम केली. नव्या फ्रेमच्या वरच्या टोकाला, रबराखाली झाकलं जाईल तिथे, बोटभर काळा रंग तसाच ठेवला. पुढे कोणी घासायला बसलं तर त्याला कळायला हवं, ही कुठून आली.

काल संध्याकाळी बाबांना घेऊन एक चक्कर मारली. त्यांनी काच पूर्ण फिरवली. वारा थेट तोंडावर. बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

असो. पुढच्या वीकेंडला मागचा बंपर.