जुनी गाडी आणि त्याहून जुना नकाशा

परवा एका जुन्या विद्यार्थ्याबरोबर शिर्डीला जाऊन आलो. गाडी त्याचीच, बारा-तेरा वर्षांपूर्वी हौसेने घेतलेली परदेशी एसयूव्ही. (कंपनीचं नाव लिहीत नाही, त्याला आवडायचं नाही.) माळीवाड्याजवळ समृद्धी महामार्गावर चढलो आणि समोरच्या छोट्या पडद्यावरच्या बाणाने रस्ता सोडला! त्या नकाशाप्रमाणे आम्ही चक्क शेतातून धावत होतो. गावाचं नावही तिथे अजून औरंगाबादच. महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, शहराचं नाव २०२३ मध्ये बदललं. गाडीतल्या नकाशाला दोन्हीचा पत्ता नाही.

"सर, इंजिन ठणठणीत आहे हो. पण मुलगा म्हणतो, पडदा जुनाट दिसतो, नवीन मॉडेल घ्या."

मला गाड्यांतलं फारसं कळत नाही. जन्मभर इतिहास शिकवला, त्यामुळे कुठलीही वस्तू दिसली की ती कधीपासूनची, हे शोधायची खोड मात्र आहे.

आमच्या लहानपणी डोंगरदऱ्यांतून जाणारी गाडी म्हणजे जीप. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडण्याच्या कामांवर साहेबांची जीप धुरळा उडवत यायची. समोर दोन-चार काटे, बस्स. नकाशा ड्रायव्हरच्या डोक्यात. जुनं व्हावं असं तिच्यात काही नव्हतंच. इंग्लंडची लँड रोव्हर १९४८ ची. पुढे डिफेंडर म्हणून ओळखली गेलेली ती गाडी मूळ साचा फारसा न बदलता २९ जानेवारी २०१६ पर्यंत कारखान्यातून बाहेर पडत होती. म्हणजे जवळजवळ ६८ वर्षं! मर्सिडीजची जी-वॅगन १९७९ ची. तिचा चौकोनी डबा लोकांना इतका प्रिय, की २०१८ साली गाडी जवळजवळ नव्याने बनवली तेव्हाही दाराच्या बाहेर दिसणाऱ्या बिजागऱ्या तशाच ठेवल्या. त्याआधी २०१२ मध्ये तिच्या डॅशबोर्डवर एक पडदा उभा केला होता. जुन्या वाड्यातल्या कोनाड्यात टीव्ही ठेवावा, तसा.

खरी गोम इथेच आहे. अशा दणकट गाड्या थोड्या खपतात, बनवायला खर्च अफाट, म्हणून एकच साचा दहा-पंधरा वर्षं चालवावा लागतो. मोबाइल मात्र दरवर्षी नवा! जपानची लेक्सस एलएक्स २००७ पासून २०२१ पर्यंत एकाच साच्यावर निघत होती. मधल्या काळात, २०१४ पासून, फोन गाडीच्या पडद्यावर आणण्याची सोय आली आणि हिच्या पडद्यावर बोट टेकवून काही होत नाही, गिअरजवळची कळ फिरवा, ही तक्रार वाढत गेली. चासीबद्दल कोणाची कुरकुर नव्हती, आणि नवं मॉडेल कधी येणार म्हणून वाट पाहायची ती पडद्यासाठी. अमेरिकेत २०२२ मध्ये थ्रीजी बंद झालं, तेव्हा कित्येक चांगल्या गाड्यांची मदत बोलावण्याची सोयच मुकी झाली.

आपल्या शहरालाही हे लांबचं नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये इथल्या मंडळींनी एकाच वेळी सुमारे १५० मर्सिडीज घेतल्या, ६५ कोटींच्या. त्या गाड्यांनी आता पंधरा वर्षं ओलांडली. आपल्या शेंद्र्याच्या कारखान्यात ऑडी क्यू७ जोडली जाते. बीएस-६ नियमांमुळे २०२० मध्ये ती थांबली आणि २०२२ च्या सुरुवातीला परतली, तेव्हा आत दोन-दोन टच पडदे होते. त्या पडद्यांचं दहा वर्षांनी काय होईल, कोण सांगणार? नव्या गाड्यांत सुधारणा हवेतून आपोआप येतात म्हणे. येतात, पण कंपनी पाठवते आहे तोवरच.

माझं विद्यार्थ्याला सांगणं एवढंच, "अरे, मुलाला पडदा हवा आहे, गाडी नव्हे. पडदा बदलून मिळतो का बघ." त्याने तूर्तास तीनशे रुपयांचं मोबाइल स्टँड लावलं आहे.

येताना दोन्ही नकाशे शेजारी-शेजारी चालू होते. मोबाइलवाला अचूक. मी मात्र जुन्याकडेच बघत बसलो. वैजापूर-गंगापूरच्या पट्ट्यात बाण पुन्हा शेतात शिरला. खोटं बोलत नव्हता बिचारा. तो नकाशा बनला तेव्हा तिथे शेतंच होती, त्यातली दोन माझ्याच वर्गातल्या मुलांच्या घरची.