नव्या तोटीमागची गळती

न्हाणीघराचे नूतनीकरण होते, बाथटबवर चकचकीत तोटी बसते आणि काही आठवड्यांतच खालच्या सदनिकेच्या छतावर ओल उमटते. अशा वेळी वॉटरप्रूफिंगला दोष देऊन टाइल्स फोडण्याची तयारी सुरू होते. मात्र गळतीचे मूळ तोटी व भिंतीतील पाइप यांच्या अर्धा इंची आट्यांच्या जोडातही असू शकते. त्यामुळे फोडाफोडीपूर्वी हा जोड तपासणे श्रेयस्कर ठरते.

प्रथम पाणी कोठून येते, हे पाहावे. नळ बंद केल्यावर तोटीच्या तोंडातून थोडा वेळ ठिबकणारे पाणी आत साचलेले असते. ठिबकणे तासन्‌तास थांबले नाही, तर दोष व्हॉल्व्हमध्ये असतो. नव्या जोडणीत वाळूचा कण किंवा टेपचा तुकडा त्यात अडकलेला असू शकतो. तोटी बदलून तो दोष जात नाही.

तोटीच्या मुळाशी होणारी गळती निराळी. तोटी व्हॉल्व्हच्या पुढे असल्याने नळ बंद असताना तिच्यात दाब नसतो. शॉवरकडे पाणी वळविणारी कळ तोटीवरच असेल, तर शॉवर सुरू होताच तोटीत पाणी तुंबते, दाब वाढतो आणि जोड झिरपू लागतो. म्हणून मुळाशी कोरडा कागद गुंडाळून पाच मिनिटे टबमध्ये आणि नंतर पाच मिनिटे शॉवरमधून पाणी सोडावे. कागद कधी भिजतो, यावरून निदान होते.

जोड सैल राहण्याची कारणे ठरावीक आहेत. टाइल्सचा नवा थर चढल्याने निप्पल आखूड पडते आणि तोटी दोन-तीन आट्यांवरच तोलली जाते. येथे लांब निप्पल हाच उपाय. आवळलेली तोटी सरळ दिसावी म्हणून किंचित उलटी फिरविली, तरी टेपची पकड सुटते. अमेरिकी मापाच्या आयात तोटीत आणखी एक मेख असते. आपल्याकडील अर्धा इंची आट्यांप्रमाणे तिच्यातही इंचाला 14 आटे असल्याने ती बसते, परंतु आट्यांचा कोन 55 ऐवजी 60 अंशांचा असल्याने जोड घट्ट होत नाही. तेथे योग्य अ‍ॅडॅप्टर लागतो.

दुरुस्तीसाठी मुख्य कॉक बंद करून तोटी काढावी, जुनी टेप खरवडावी आणि नवी टेफ्लॉन टेप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, पहिला आटा मोकळा सोडून, ताणून गुंडाळावी. तोटी हातानेच आवळावी. शेवटचा फेरा पान्याने, कापड लावून द्यावा.

मुळाशी चोहोबाजूंनी सिलिकॉन किंवा पांढरे सिमेंट भरणे हा सर्वांत घातक उपाय होय. त्याने गळती थांबत नाही, केवळ दिसेनाशी होते आणि पाणी भिंतीत शिरते. सिलिकॉन लावायचेच, तर खालची बाजू मोकळी ठेवावी, म्हणजे पुढची गळती शेजाऱ्याच्या छताआधी आपल्या टबमध्ये दिसेल.