हेबिअस कॉर्पस : दोन शब्दांचा इतिहास

कोर्टाची पायरी ज्यानें कधीं चढलेली नाहीं, त्याच्याहि बोलण्यांत लॅटिन भाषा नकळत येत असते. ‘ॲफिडेव्हिट’ या एका शब्दांत ‘त्यानें शपथ घेतली आहे’ असें सबंध वाक्य दडलेलें आहे. ‘ॲलिबी’ म्हणजे निव्वळ ‘अन्यत्र’. असे शब्द उलगडून पाहणें हा घरबसल्या करण्याजोगा मोठा मौजेचा उद्योग होय. परंतु ‘हेबिअस कॉर्पस’ या शब्दद्वयाशीं येतांच मौज मागें राहते आणि मनुष्याच्या स्वातंत्र्याचा प्रश्न पुढें उभा राहतो.

‘देह तुजपाशीं असावा’ हा त्याचा शब्दार्थ. कोंडणाऱ्यास न्यायाधीशाची ही आज्ञा : बंदिवानाला सदेह समोर आण, आणि कोणत्या अधिकारानें कोंडलेंस तें सांग. इंग्लंडांत १६७९ सालीं पार्लमेंटनें कायदा करून ती बळकट केली. १७७१ सालीं जेम्स सॉमरसेट या गुलामास जमैकाला नेण्यासाठीं गलबतावर बेड्या घालून ठेविलें होतें. याच आज्ञेमुळें तो लॉर्ड मॅन्सफील्डपुढें आला व १७७२ सालीं मुक्त झाला.

महाराष्ट्रांतहि या शब्दांनीं एकदां मोठें वादळ उठविलें. १८२८ सालीं मोरो रघुनाथ नांवाचा सुमारें चौदा वर्षांचा मुलगा पुण्यास पांडुरंग रामचंद्र या वडीलधाऱ्या नातेवाइकाच्या ताब्यांत होता. त्यास हजर करण्याचा हुकूम मुंबईच्या सुप्रीम कोर्टानें सोडला. मुंबई बेटाबाहेरील एतद्देशीयांवर या कोर्टाची सत्ता नाहीं, असें म्हणून गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनीं हुकुमाची बजावणी होऊं दिली नाहीं. तेव्हां न्यायमूर्ति सर जॉन पीटर ग्रँट यांनीं १८२९ च्या एप्रिलांत कोर्टाचें कामकाजच बंद केलें! प्रकरण विलायतेस प्रिव्ही कौन्सिलपुढें गेलें आणि कौल सरकारच्या बाजूनें पडला.

१९५० च्या राज्यघटनेनें हा हक्क भारतांत सर्वत्र दिला. तथापि आणीबाणींत, १९७६ सालीं, सर्वोच्च न्यायालयाच्या पांचांपैकीं चार न्यायाधीशांनीं स्थानबद्धांना हें दार बंद असल्याचें ठरविलें, एकट्या न्या. हंसराज खन्ना यांनीं विरुद्ध मत नोंदविलें. २०१७ सालीं त्याच न्यायालयानें तो निर्णय चूक ठरविला.

शब्द लॅटिन, परंतु त्यांतील प्रश्न कोणत्याहि भाषेंत विचारतां येतो : माणूस कोठें आहे, आणि त्याला कां कोंडलें?