शहाण्णव स्तंभांची खिडकी

‘य = क्ष² − ४क्ष + ३ चा आलेख काढा’ असे फळ्यावर लिहिले की पुढे वर्गात काय होते, ते गणिताच्या शिक्षकांना सांगायला नको. क्षच्या सहा-सात किमती घ्यायच्या, कोष्टक करायचे, आलेख कागदावर प्रमाण ठरवायचे, बिंदू मांडायचे आणि हलक्या हाताने वक्र काढायचा. एवढ्यात तास संपतो. आता ३ च्या जागी ५ घेतले तर? वक्र दोन एककांनी वर सरकतो, क्ष-अक्षाला कोठेच छेदत नाही, म्हणजे समीकरणाला वास्तव मुळेच उरत नाहीत. खरे गणित येथे सुरू होते. पण त्यासाठी दुसरा तास कोठून आणायचा?

ही अडचण काही आपल्याच शाळांची नाही. १९८५ साली जपानच्या कॅसिओ कंपनीने एफएक्स-७०००जी हा कॅल्क्युलेटर बाजारात आणला. आलेख काढणारा पहिला कॅल्क्युलेटर म्हणून तो ओळखला जातो. पडदा ९६ ठिपके रुंद आणि ६४ ठिपके उंच, एवढाच. अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठातले फ्रँक डिमाना आणि बर्ट वेट्स हे दोन गणिती त्या सुमारास संगणकावरील आलेखांच्या मदतीने बीजगणित शिकवू पाहत होते. संगणक महाग, थोडे, आणि वेगळ्या खोलीत ठेवलेले. हे यंत्र मात्र विद्यार्थ्याच्या बाकावरच येऊ शकत होते! दोघांनी ते उचलून धरले, त्याला धरून पाठ्यपुस्तके लिहिली, शिक्षकांसाठी उन्हाळी वर्ग घेतले. १९८९ मध्ये अमेरिकेतील गणितशिक्षकांच्या राष्ट्रीय परिषदेने आपली मानके प्रसिद्ध केली. नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांजवळ असा कॅल्क्युलेटर असेल, हे त्यांत गृहीतच धरले होते. १९९० मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीआय-८१ आला. १९९५ पासून तिकडच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट’ या परीक्षेत कलनशास्त्राच्या विषयासाठी असे यंत्र आवश्यक ठरले. एक भाग मात्र यंत्राविना सोडवायचा होता.

आक्षेप ठरलेला होता: मुलांना आयता आलेख मिळाला तर ती विचार कशाला करतील? आक्षेप खोटा नाही. पण ज्यांनी हे यंत्र वर्गात वापरले, त्यांना वेगळाच अनुभव येऊ लागला. यंत्र दाखवते ते सारे खरे नसते!

य = क्ष² + ४० घ्या. टीआय-८१ ची नेहमीची खिडकी दोन्ही अक्षांवर −१० ते १० अशी असते. कळ दाबली की पडद्यावर फक्त अक्ष दिसतात. वक्राचा पत्ता नाही. यंत्र बिघडलेले नसते. क्षची किंमत काहीही असली तरी य ४० पेक्षा कमी होऊच शकत नाही, हे समीकरण वाचून ज्याच्या ध्यानात येईल, तोच खिडकी वर सरकवील. म्हणजे चित्र पाहण्यासाठी आधी बीजगणित यावे लागते.

याहून मौजेचे उदाहरण साइनचे आहे. यंत्र अखंड वक्र काढीत नाही. ते ठिपक्यांच्या प्रत्येक उभ्या स्तंभासाठी क्षची एकच किंमत घेते, यची किंमत काढते आणि ठिपके जोडते. म्हणजे आपण कागदावर करतो तेच, फक्त सहा-सात बिंदूंऐवजी सुमारे शहाण्णव. समजा, खिडकी अशी निवडली की लगतच्या स्तंभांत ७.५ अंशांचे अंतर पडते आणि एक स्तंभ बरोबर शून्य अंशावर येतो. आता य = साइन ४९क्ष चा आलेख काढू. ४९क्ष म्हणजे ४८क्ष + क्ष. एका स्तंभावरून पुढच्यावर जाताना ४८क्ष हे पद ४८ × ७.५ = ३६० अंशांनी वाढते. ही एक पूर्ण फेरी झाली, आणि पूर्ण फेरीने साइनच्या किमतीत काहीच फरक पडत नाही. त्यामुळे प्रत्येक स्तंभात साइन ४९क्ष आणि साइन क्ष यांच्या किमती तंतोतंत सारख्या येतात. ३६० अंशांत ४९ लाटा असायला हव्यात. पडद्यावर दिसते एकच, अगदी शांत, सुबक. साइन ४८क्ष घेतले तर लाटच नाही, नुसती आडवी रेषा! ‘हे का झाले?’ या प्रश्नावर एक अख्खा तास सहज जातो, आणि तो वाया गेला असे आम्हाला तरी वाटत नाही.

मग या यंत्राचा नेमका उपयोग कोठे झाला? ब्रिटनमधील केनेथ रुथवेन यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास येथे महत्त्वाचा आहे. नेहमी हाताशी असा कॅल्क्युलेटर असलेले विद्यार्थी दिलेल्या आलेखावरून समीकरण ओळखण्यात इतरांपेक्षा बरेच पुढे होते. आलेखावरून परिस्थितीचा अर्थ लावण्याच्या प्रश्नांत मात्र दोन्ही गटांत तसा फरक दिसला नाही. आपण वर्गात समीकरणाकडून आलेखाकडे जातो. उलटा प्रवास जवळजवळ करवून घेतच नाही. यंत्राने काढण्याचे श्रम वाचवले, तेव्हा हा उलटा प्रवास शेकडो वेळा करून पाहणे मुलांना शक्य झाले.

आपल्या शाळांत हे यंत्र फारसे आलेच नाही. परंतु त्याचे काम करणाऱ्या जिओजेब्रा (२००१) आणि डेस्मॉस (२०११) या प्रणाली आज मोबाइलवर विनामूल्य मिळतात, आणि २०२४ पासून अमेरिकेतील एसएटी परीक्षेच्या पडद्यावरच डेस्मॉस दिलेले असते. मोबाइल नसला तरी उलटा प्रवास अडत नाही. फळ्यावर क्ष-अक्षाला १ आणि ३ येथे छेदणारा अन्वस्त काढावा आणि समीकरण विचारावे. बहुतेक मुले (क्ष − १)(क्ष − ३) म्हणतील. मग त्याच दोन बिंदूंतून जाणारा, पण खाली तोंड असलेला दुसरा अन्वस्त शेजारी काढावा.