व्हॉल्व्ह कीं ट्रान्झिस्टर ? : एका स्वरवादाचा इतिहास

यंत्रांच्या इतिहासांत पराभूतांना सहसा दुसरी संधि मिळत नाहीं. कोळशाचें इंजिन गेलें, टांगा गेला, २०१३ सालीं तारखात्यानेंहि निरोप घेतला. या वस्तूंविषयीं लोक हळहळले. पण त्या परत आणाव्या असें कोणी मनापासून म्हटलें नाहीं. या नियमाला एक विलक्षण अपवाद आहे. कांचेच्या ज्या निर्वात नळीला आपल्याकडे सगळेच 'व्हॉल्व्ह' म्हणत आले, ती रेडिओंतून गेली, ध्वनिक्षेपकांतून गेली, गणकयंत्रांतून तर केव्हांच गेली. परंतु विजेवरील गिटार वाजविणाऱ्यांनीं तिला सोडलें नाहीं. ट्रान्झिस्टरचा ध्वनिवर्धक हलका, स्वस्त व टिकाऊ आहे हें मान्य करूनहि ते जड, तापणारा आणि महाग असा व्हॉल्व्हचाच ध्वनिवर्धक पसंत करतात, आणि कारण विचारल्यास 'स्वर' व 'स्पर्श' एवढे दोनच शब्द सांगतात. हा केवळ शौकिनांचा हट्ट आहे, कीं त्यांत कांहीं सत्य आहे, याचा इतिहासाच्या मार्गानें विचार करण्याचें आम्ही योजिलें आहे.

हा विचार ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून सुरू करणें आम्हांस सोईचें वाटतें. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १ ऑगस्ट १९६२ रोजीं झाली, आणि वागळे इस्टेट ही त्या महामंडळाच्या अगदीं आरंभींच्या वसाहतींपैकीं एक होय. याच ठाणें शहरांत मर्फी रेडिओचा कारखाना होता. त्याच्या जाहिरातींतील बाळाचें चित्र ज्या घरांत रेडिओ नव्हता त्या घरांतहि ओळखीचें होतें. पत्रा कापणें, सांगाडे जोडणें, तांब्याची तार गुंडाळून ट्रान्स्फॉर्मर करणें, हें ध्वनिवर्धकाला लागणारें सारें कसब अशा वसाहतींच्या लहान लहान गाळ्यांतूनच वाढत असतें. आज त्याच वागळे इस्टेटमध्यें अनेक जुन्या कारखान्यांच्या जागीं संगणक-कंपन्यांच्या कांचेच्या इमारती उभ्या आहेत. व्हॉल्व्ह, ट्रान्झिस्टर आणि संगणक या तिन्ही राजवटी ज्या परिसरानें पाहिल्या, तेथून या वादाकडे पाहिलें म्हणजे त्यांतील भावना व वस्तुस्थिति वेगळ्या करणें सोपें जातें.

१९६२ हें सालच मोठें योगायोगाचें आहे. इंग्लंडांत फ्लेमिंगनें १९०४ मध्यें पहिला व्हॉल्व्ह केला, आणि दोनच वर्षांनीं अमेरिकेंत डी फॉरेस्टनें त्यांत तिसरें अंग घालून दुर्बल विद्युत्-लहरीला बळ देणारें साधन निर्माण केलें. डिसेंबर १९४७ मध्यें बेल प्रयोगशाळेंत बार्डीन व ब्रॅटन यांनीं पहिला ट्रान्झिस्टर सिद्ध केला, आणि शॉक्लीसह त्या दोघांना १९५६ चें नोबेल पारितोषिक मिळालें. आपल्याकडे बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनें १९६१ मध्यें रेडिओचे व्हॉल्व्ह करण्यास आरंभ केला, आणि लगेच पुढच्या वर्षीं, म्हणजे १९६२ मध्यें, जर्मेनियमचे अर्धवाहक घटकहि तेथें होऊं लागले. युरोप-अमेरिकेंत या दोन युगांमध्यें एक पिढी गेली; आपल्याकडे जुनें आणि नवें जवळजवळ हातांत हात घालूनच दाराशीं आलें. आणि याच १९६२ सालीं लंडनच्या पश्चिमेस हॅनवेल येथें जिम मार्शल नांवाच्या वाद्यविक्रेत्याच्या दुकानांत एक व्हॉल्व्हचा ध्वनिवर्धक तयार झाला. त्याची गोष्ट पुढें येईल.

व्हॉल्व्हचा रेडिओ आपल्या घरांतून गेला तो कोणाच्या अरसिकपणामुळें नव्हे. तो लावल्यावर तापण्यास वेळ घेई. त्याला विजेची जोडणी लागे. व्हॉल्व्ह जळला म्हणजे नवा आणावा लागे. ज्या महाराष्ट्रांत हजारों खेड्यांना वीज पोंचावयाची होती, तेथें टॉर्चच्या घटांवर चालणारा आणि शेताच्या बांधावर ठेवतां येणारा ट्रान्झिस्टर हा खरा लोकांचा रेडिओ ठरला. आकाशवाणीवरील कामगारांचा कार्यक्रम, शेतीविषयक माहिती, कीर्तन आणि नाट्यगीत दिवाणखान्यांतून बाहेर पडून गोठ्यांत आणि गिरणीच्या चाळींत पोंचलें तें या नव्या यंत्रामुळें. 'जुन्या रेडिओचा आवाज गोड होता' असें म्हणणाऱ्यांनीं त्या गोडव्यांत लांकडाच्या मोठ्या पेटीचा आणि रुंद कर्ण्याचा वांटा किती होता हेंहि पाहावें. लहान प्लास्टिकच्या डबींतून येणाऱ्या आवाजाचा दोष ट्रान्झिस्टरच्या माथीं मारणें न्याय्य नाहीं.

मग गिटारच्या बाबतींत निराळा न्याय कां लागावा? याचें उत्तर गिटारच्या इतिहासांत आहे. १९३० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील मोठ्या वाद्यवृंदांत पितळी वाद्यांच्या गजरापुढें गिटारचा आवाज बुडून जाई. म्हणून तिच्या तारांखालीं चुंबक आणि तारेचें वेटोळें बसवून, १९३२ च्या सुमारास रिकनबॅकर यांच्या कारखान्यानें विजेची गिटार बाजारांत आणली. तेव्हां हेतु एवढाच होता कीं आहे तो स्वर मोठा व्हावा. आपल्याकडे व्हान शिप्ले यांनीं चित्रपटगीतांच्या चाली विजेच्या गिटारवर वाजवून ज्या ध्वनिमुद्रिका दिल्या, त्यांतला स्वर या जातीचा, स्वच्छ व गाता, आहे. परंतु पाश्चात्य तरुण वादकांना लवकरच असें आढळलें कीं ध्वनिवर्धकाकडून त्याच्या शक्तीबाहेर काम घेतलें म्हणजे स्वर फाटतो, पण असा फाटतो कीं तो अधिक मानवी, अधिक कळवळ्याचा वाटतो. १९६४ मध्यें 'किंक्स' या इंग्रज वृंदाच्या डेव्ह डेव्हिसनें कर्ण्याचा कागदच चिरून तो परिणाम साधला. मार्शलच्या दुकानांतील ध्वनिवर्धक हा अमेरिकेंतील फेंडरच्या एका नमुन्यावरून बेतलेला होता; पण पुढें तो कीर्तीला चढला तो त्याच्या स्वच्छतेमुळें नव्हे, तर या फाटण्याच्या गोडीमुळें. रेडिओमध्यें जो दोष, तोच येथें गुण झाला. ध्वनिवर्धक हा निरोप्या राहिला नाहीं. तो वाद्याचाच अर्धा भाग बनला.

आतां हें फाटणें म्हणजे काय तें पाहूं. कोणताहि ध्वनिवर्धक एका मर्यादेपर्यंतच लहरीला उंच करूं शकतो. त्यापुढें लहरीचा माथा सपाट होतो. साध्या ट्रान्झिस्टर-रचनेंत, विशेषतः जेथें स्वरशुद्धीसाठीं निर्गम पुन्हा आगमाशीं जोडून चूक सुधारण्याची व्यवस्था कडक असते तेथें, हा माथा सुरीनें कापावा तसा एकदम कापला जातो. व्हॉल्व्हच्या रचनेंत तो आधीं वांकूं लागतो आणि मग हळूहळू सपाट होतो. माथा वांकला कीं मूळ स्वराबरोबर त्याचे उपस्वर उत्पन्न होतात. दुसरा उपस्वर म्हणजे वरचा षड्ज, तिसरा म्हणजे त्या सप्तकांतील पंचम, पांचवा म्हणजे आणखी वरचा गांधार. येथपर्यंत सारे आप्तस्वकीय आहेत. सातवा मात्र कोमल निषादाहूनहि किंचित् उतरलेला असतो, आणि त्याच्या वरच्यांची गर्दी झाली कीं कानाला कर्कशपणा जाणवतो. धारदार कापणीनें ही वरची गर्दी वाढते, हळूवार वांकण्यानें ती आटोक्यांत राहते.

रसेल हॅम यांनीं १९७३ मध्यें अमेरिकेंतील ध्वनि-अभियंत्यांच्या नियतकालिकांत या विषयावर प्रसिद्ध निबंध लिहिला, आणि व्हॉल्व्हमध्यें दुसऱ्या, तर ट्रान्झिस्टरमध्यें तिसऱ्या उपस्वराचें प्राबल्य असतें असा समज त्यापासून रूढ झाला. परंतु त्या समजाला मर्यादा आहे. हॅम यांचें परीक्षण ध्वनिग्रहणाच्या आरंभींच्या लहान ध्वनिवर्धकांचें होतें. गिटारच्या मोठ्या ध्वनिवर्धकांत शेवटचे व्हॉल्व्ह जोडीनें, एकानें ढकलावें व दुसऱ्यानें ओढावें अशा रीतीनें, काम करतात. आणि या रचनेंत समसंख्य उपस्वर पुष्कळ अंशीं परस्परांना खाऊन टाकतात. म्हणजे 'व्हॉल्व्ह म्हणजे सम आणि ट्रान्झिस्टर म्हणजे विषम' ही घोकंपट्टी खरी नव्हे. खरा भेद माथा किती हळूवार वांकतो यांत आहे.

'स्पर्श' हा दुसरा शब्द ऐकून शास्त्रज्ञ हंसतात; पण तोहि निराधार नाहीं. जुन्या धाटणीच्या व्हॉल्व्हच्या यंत्रांत तीनचारशें व्होल्टचा दाब असतो. वादकानें तार जोरानें छेडली कीं एकदम वीज ओढली जाऊन हा दाब क्षणभर खालीं बसतो आणि पुन्हा वर येतो. त्यामुळें आघाताची धार बोथट होते आणि मागचा स्वर फुगत येतो. शिवाय व्हॉल्व्ह आणि कर्णा यांच्यामध्यें ट्रान्स्फॉर्मर असतो, व कर्ण्यावर ध्वनिवर्धकाची पकड सैल राहते. कर्ण्याला स्वतःचा जो नैसर्गिक घुमारा आहे तो मोकळा होतो. ट्रान्झिस्टरचा ध्वनिवर्धक कर्ण्याला घट्ट धरून ठेवतो. बोटांच्या जोराला यंत्रानें दिलेलें हें उत्तर, हाच तो स्पर्श.

मराठी रसिकाला यांत परकें असें कांहींच वाटूं नये. मिरजेचे तंतुवाद्यकार तंबोऱ्याच्या घोडीला जवारी लावतात ती काय आहे? तार मोकळी न ठेवतां ती घोडीच्या वक्र पाठीला निसटती टेकवावयाची आणि खालीं सुताचा धागा सरकवावयाचा. म्हणजे शुद्ध कंपनांत जाणूनबुजून विघ्न आणावयाचें. तार जेथें छेडली तेथें ज्यांचा स्थिरबिंदु पडतो ते उपस्वर सामान्य नियमानें उमटूं नयेत. तंबोऱ्यांत ते उमटतात, हें चंद्रशेखर व्यंकट रामन यांनीं १९२१ मध्येंच दाखवून दिलें. खर्जाच्या तारेंतून ऐकूं येणारा स्वयंभू गांधार या विघ्नाचेंच दान आहे. साम्य येथेंच संपत नाहीं. फाटलेल्या स्वराचे गिटारवादक बहुधा षड्ज-पंचमाची जोडीच वाजवितात, कारण दोन व तीन या प्रमाणांतील त्या जोडीपासून यंत्रांत उत्पन्न होणारा अंतराचा स्वर खालचा षड्जच असतो. मध्यें गांधार घातला तर गोंगाट होतो. पंचमाचा तंबोरा लावणाऱ्या गवयाला आणि मार्शलपुढें उभ्या राहणाऱ्या तरुणाला ध्वनिशास्त्रानें एकच धडा दिला आहे.

तथापि ट्रान्झिस्टरच्या बाजूनें बोलण्यासारखें पुष्कळ आहे. जपानच्या रोलंड कंपनीचा १९७५ चा 'जॅझ कोरस' हा ध्वनिवर्धक त्याच्या निर्मळ स्वरासाठींच नांवाजला गेला, आणि त्यांत एकहि व्हॉल्व्ह नाहीं. मर्यादेच्या आंत राहून वाजविल्यास, दोन्ही जातींच्या नीट बांधलेल्या यंत्रांतील फरक फारच थोडा उरतो. व्हॉल्व्हचा उच्च दाब अनभिज्ञ हातांना प्राणघातक आहे. आणि मर्यादेबाहेरची धारहि सर्वत्र नकोशी असते असें नाहीं. ठाण्या-मुंबईच्या गणपतीच्या मिरवणुकींतील बँजो पथक ऐकावें : बुलबुलतरंगाला विजेची जोड देऊन त्याचा आवाज ताणलेल्या ध्वनिवर्धकांतून आणि भोंग्यांतून रस्त्यावर सोडलेला असतो. दिवाणखान्यांत तो असह्य होईल. पण ढोलताशांच्या आणि रहदारीच्या गदारोळांत ती धारच चालीला वर काढते. तेथें व्हॉल्व्हचा मऊपणा हरवून जाईल.

आमच्या मतें या वादाचा निर्णय असा आहे. यंत्र जेथें सेवक आहे, जेथें दुसऱ्याचा स्वर जसाच्या तसा पोंचवावयाचा आहे, तेथें ट्रान्झिस्टरचा विजय योग्य होता व आहे. यंत्र जेथें स्वतःच गातें, तेथें त्याची परीक्षा त्याच्या सामर्थ्यावर होत नाहीं, तर सामर्थ्य संपल्यावर तें कसें वागतें यावर होते. आणि तेथें व्हॉल्व्हनें आपली जागा राखली ती जुनेपणाच्या पुण्याईनें नव्हे, स्वतःच्या गुणानें. आज संगणकाच्या गणितानें व्हॉल्व्हच्या वांकण्याची नक्कल होते, आणि ती इतकी उत्तम साधली आहे कीं पुष्कळांना भेद ओळखतां येत नाहीं. १९७९ मध्यें बंगळूरलाच निघालेल्या इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याप्रमाणेंच तीहि आपलें स्थान मिळवील. पण नक्कल करावयास मूळ हवें, आणि मूळ समजणारा माणूस हवा.

येथें आम्हांस थोडी खंत वाटते. एके काळीं बंगळूरला होणारा ईएल ८४ नांवाचा व्हॉल्व्ह त्या काळच्या घरगुती रेडिओंत असे. तोच व्हॉल्व्ह, चार एकत्र बसवून, इंग्लंडांतील व्हॉक्स कंपनीच्या ज्या ध्वनिवर्धकांत असे तो बीटल्सनीं वापरला. म्हणजे जगाला वेड लावणाऱ्या स्वराचें मर्म आपल्या दिवाणखान्यांत फळीवर, चोपदार जाळीच्या कापडामागें तापत होतें. परदेशी वाद्यसामग्रीवर आयातीचे निर्बंध असलेल्या त्या काळांत मुंबईचे तरुण वृंद १९७० व ७१ च्या 'सिमला बीट' स्पर्धांतून वाजवीत होते, आणि ठाण्यासारख्या गांवीं ट्रान्स्फॉर्मर गुंडाळणारे हात होते. परंतु या दोहोंची गांठ घालून स्वतःचा स्वर घडविणारा मोठा उद्योग आपल्याकडे उभा राहिला नाहीं. आज गिटारच्या ध्वनिवर्धकांचे व्हॉल्व्ह प्रामुख्यानें रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन येथून येतात.

उद्योग वसाहतीनें, वीजपुरवठ्यानें आणि भांडवलानें उभा राहतो हें खरें. पण यंत्र केवळ चालतें कीं नाहीं एवढेंच न पाहतां तें कसें वाजतें हें ऐकणारा कान त्याच्या शेजारीं असल्याशिवाय त्याला स्वतःचें नांव मिळत नाहीं. मिरजेच्या कारागिरांपाशीं तो कान होता. वागळे इस्टेटच्या नव्या इमारतींत आज जे तरुण दिवसभर गणितें लिहितात, त्यांच्यापैकीं कोणी संध्याकाळीं गिटार हातीं धरीत असतील, तर तो कान त्यांच्यापाशींहि असूं शकेल.