कारकुनाची तटबंदी

इतिहासाच्या पुस्तकात किल्लेदार असतो, गोलंदाज असतो, वेषांतर करून निसटणारा वजीरही असतो. नसतो तो कारकून. बाहेर लोक दगड घेऊन जमले आहेत आणि आत एक माणूस कालची बेरीज आठ आण्यांनी का चुकते ते शोधतो आहे, असले चित्र कुणी काढल्याचे मला आठवत नाही. मी स्वतः मुंबईत, फोर्टमधल्या एका बँकेत तेहतीस वर्षे खर्डेघाशी केली. तेव्हा निवृत्तीनंतर आपल्या जातभाईंचा शोध घ्यावा म्हणून वाचायला बसलो आणि थेट लंडनला पोहोचलो. पुस्तकातून हो! तिकीट कोण काढून देतो?

लंडनमध्ये 'सिटी' म्हणून एक भाग आहे. जेमतेम एक चौरस मैल. बँक ऑफ इंग्लंड तिथेच, मोठमोठ्या पेढ्या तिथेच. साहजिकच, ज्याला पैशाचा राग आला तो माणूस आधी या मैलात येतो. आता राग असतो मालकावर. पण मालक काही खिडकीशी बसत नाही. खिडकीशी टेबल असते ते कारकुनाचे.

पहिली मोठी वेळ आली १७८० च्या जूनमध्ये. लॉर्ड जॉर्ज गॉर्डन नावाच्या गृहस्थांनी कॅथलिकांना दिलेल्या सवलतींविरुद्ध मोर्चा काढला. मागणी धर्माची होती. पण आठवड्याच्या आत जमावाने तुरुंग फोडले आणि ७ जूनला तो बँकेवर चालून गेला. धर्माचा मोर्चा तिजोरीच्या दिशेने कसा वळतो, हे आपल्याकडच्या वाचकाला समजावून सांगायला नको. बँकेच्या रक्षणाला सैनिक होते, कारकून होते, आणि एके काळी स्वतःच लोकांना चेतवणारे जॉन विल्क्सही बंदूक घेऊन हजर होते. गोळ्या कमी पडू नयेत म्हणून कारकुनांच्या जुन्या दौती वितळवून त्यांच्या गोळ्या पाडल्या, असे सांगतात. लेखणीपेक्षा तलवार श्रेष्ठ की कनिष्ठ यावर शाळेत आम्ही निबंध लिहिले. दौतीचा कुणी विचारच केला नाही!

तेव्हापासून रोज रात्री बँकेत लष्करी पहारा बसू लागला. तो उठला कधी? १९७३ साली. म्हणजे १९३ वर्षांनी. 'सध्यापुरती व्यवस्था' या शब्दांचा अर्थ जगातल्या सगळ्या कचेऱ्यांत एकच आहे, हे वाचून मला फार बरे वाटले.

दुसरी वेळ १० एप्रिल १८४८ ची. चार्टिस्ट म्हणवणारे कामकरी लोक मताचा हक्क मागायला केनिंग्टनच्या मैदानावर जमणार होते. नुसती मागणी, पण फ्रान्समध्ये नुकतीच क्रांती झालेली, त्यामुळे सगळ्यांची गाळण उडाली. वॉटर्लूचा विजेता वेलिंग्टन, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, बंदोबस्ताला उभा राहिला. बँकेच्या गच्चीवर वाळूच्या गोण्या चढल्या. हजारो लोकांना शपथा देऊन तात्पुरते पोलीस केले, त्यांत कचेरीतले कारकून ढिगाने. हातात दंडुका, दंडाला पट्टी. परराष्ट्र खात्यात तर खिडक्यांना आडोसा म्हणून 'टाइम्स'चे बांधीव खंड रचले. जुन्या फायलींचा उपयोग काय, असे आमच्या ऑडिटवाल्यांना नेहमी वाटे. त्यांना हे कळवायला हवे होते.

आणि झाले काय? पाऊस आला. पोलिसांनी जमावाला पूल ओलांडू दिला नाही. मागण्यांचा अर्ज तीन घोडागाड्यांत घालून पार्लमेंटात गेला. सह्या सत्तावन्न लाख आहेत असा पुढाऱ्यांचा दावा. मोजायला बसवले कोणाला? तेरा कारकुनांना! सतरा तास मोजून त्यांनी आकडा काढला तो सुमारे पावणेवीस लाखांचा. त्यांत खुद्द वेलिंग्टनची 'सही' होती आणि विनोदी साप्ताहिकातल्या मिस्टर पंचचीही. सारे लंडन हसले. पण गंमत अशी की त्या अर्जातल्या सहांपैकी पाच मागण्या पुढे कायद्यात आल्या. म्हणजे ज्या मताच्या हक्काविरुद्ध कारकून दंडुका घेऊन उभा राहिला, तो हक्क पुढे त्याच्या नातवाने बिनतक्रार वापरला.

आमचे मुंबईचे गणित थोडे निराळे. आमच्याकडे बँकेबाहेर घोषणा देणारा माणूस बँकेतलाच असे. पाच वाजता गेटवर 'हमारी माँगें पूरी करो', आणि सव्वापाचला व्ही.टी.कडे धाव. त्यातून १९६९ साली चौदा बँका सरकारच्या झाल्या. आता भांडवलदाराला शिव्या द्यायच्या तर कुणाच्या खिडकीखाली, हा पेच पडला. मोर्चाच्या दिवशी आमची तयारी एवढीच, की पोळीभाजीचा डबा थोडा मोठा न्यायचा.

लंडनला मात्र १८ जून १९९९ रोजी पुन्हा कारकुनांची परीक्षा झाली. जर्मनीत कोलोनला बड्या राष्ट्रांची परिषद भरली होती, आणि इकडे भांडवलशाहीविरोधी मंडळींनी सिटीत 'कार्निव्हल' काढला. लाल, हिरवे, काळे, सोनेरी असे मुखवटे वाटून त्यांच्या टोळ्या निघाल्या. लक्ष्य होते वायदेबाजार. त्या बाजाराचे दलाल त्या काळी भडक रंगांचे कोट घालून हातवारे करत भाव ओरडत. म्हणजे आत रंगीत कोट घालून ओरडणारे, बाहेर रंगीत मुखवटे घालून ओरडणारे. मधला पोलीस गोंधळला असेल तर त्याला दोष देता येणार नाही. नळखांब फुटून रस्त्यात कारंजे उडाले, काही जण इमारतीच्या दारातून आतही शिरले.

मग आली १ एप्रिल २००९. तारखेवर जाऊ नका, प्रकरण गंभीर होते. बँका बुडता बुडता सरकारी पैशाने वाचवल्या होत्या. त्यांतल्या एकीचे, रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडचे, पायउतार झालेले साहेब सालीना सात लाख पौंड पेन्शन घेणार होते. वीस राष्ट्रांची परिषद दुसऱ्या दिवशी. मोर्चे चार बाजूंनी बँक ऑफ इंग्लंडवर येणार. तेव्हा सिटीतल्या कर्मचाऱ्यांना सूचना निघाल्या: सूट नको, टाय नको, कंपनीचे नाव असलेली पिशवी नको, बिनमहत्त्वाच्या बैठका रद्द करा, जमल्यास घरून काम करा. एकूण, सामान्य माणसासारखे दिसा! माझ्या डोळ्यांपुढे आपला तो घडी मोडलेली जीन्स आणि चकचकीत बूट घातलेला मॅनेजर आला. आणि निदर्शकांतले काही वस्ताद काय करून आले? बँकरचा वेष!

थ्रेडनीडल स्ट्रीटवरच्या रॉयल बँकेच्या शाखेची तावदाने फुटली. वरच्या मजल्यांवरून काही शहाण्यांनी खालच्या गर्दीला दहा पौंडांच्या नोटा हलवून दाखवल्या. पोलिसांनी गर्दीला तासन् तास कोंडून धरले. या कोंडण्याला तिकडे 'केटलिंग' म्हणतात. आमच्या हापिसात किटली आली की लोक आपणहून गोळा होत.

इथवर हसता येते. पण त्या संध्याकाळी इयान टॉमलिन्सन नावाचा सत्तेचाळीस वर्षांचा माणूस त्या रस्त्यांवरून घरी निघाला होता. तो बँकर नव्हता, निदर्शकही नव्हता. वर्तमानपत्रे विकणारा माणूस. जिकडे जावे तिकडे रस्ता अडवलेला. हात खिशात घालून, पोलिसांकडे पाठ करून तो चालला होता. एका पोलिसाने त्याला दंडुका मारला आणि मागून ढकलले. तो पडला, उठला, थोडे अंतर चालला आणि कोसळला. पुन्हा उठला नाही.

आधी सांगितले गेले की हृदयविकार. खरे काय ते बाहेर आले एका चित्रफितीतून. ती घेणारा होता न्यूयॉर्कचा, गुंतवणुकीच्या धंद्यातला, कामानिमित्त लंडनला आलेला. ज्या मंडळींना त्या दिवशी ओळखू येऊ नका म्हणून बजावले होते, त्यांच्यातलाच एक! २०११ साली चौकशीच्या ज्यूरीने हा बेकायदा मृत्यू ठरवला. २०१२ मध्ये तो पोलीस मनुष्यवधाच्या आरोपातून सुटला, पण नोकरीतून गेला. २०१३ मध्ये पोलीस खात्याने घरच्यांची माफी मागून भरपाई दिली.

दौती वितळवल्या, वर्तमानपत्रांचे खंड रचले, सूट कपाटात ठेवले. तटबंदी दर वेळी चोख. तिच्या आत कोण आणि बाहेर कोण याची यादीही तयार असते. फक्त फूटपाथवर वर्तमानपत्र विकून, हिशेब संपवून घराकडे निघालेल्या माणसाचे नाव कोणत्याच यादीत नसते. तेहतीस वर्षे मी परिपत्रके टाइप केली. कुणी आजही मला पुढच्या मोर्चाचे परिपत्रक लिहायला सांगितले, तर कपड्यांचे कलम मी शेवटी टाकीन. पहिले कलम असे घालीन: घरी जाणाऱ्याला वाट द्यावी.